कोपऱ्यातल्या खेळाडूचं कॉलेज

ठाण्याच्या नौपाड्यात सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांच्या अंगावर हल्ली मिशिगन, पर्ड्यू, ओहायो स्टेट अशी नावं दिसतात. मुलगा नाहीतर लेक तिकडे एमएससाठी गेलेली, आईवडील चार-सहा महिने राहून आलेले, येताना बॅगेत विद्यापीठाच्या नावाचे दोन जाडजूड टी-शर्ट. त्यातल्या बऱ्याच जणांना मुलांनी एखाद्या शनिवारी तिकडच्या फुटबॉलच्या सामन्याला नेलेलं असतं. खेळ फारसा कळलेला नसतो, गर्दी मात्र लक्षात राहते. अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये १ लाख ७ हजार ६०१ प्रेक्षक बसतात. आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाखभर माणूस, तोही तिकीट काढून! गोखले रोडवर ही हकिकत रंगवून सांगितली जाते आणि ‘त्यांच्याकडे पैसा आहे हो’ या वाक्यावर संपते.

पैसा आहे, यात वाद नाही. पण त्या स्टेडियममध्ये पैशाशिवाय आणखी एक गोष्ट घडते, आणि ती ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात घडत नाही.

१९९५ ते १९९७ या काळात तिथे चार्ल्स वुडसन नावाचा मुलगा खेळला. ओहायोतल्या फ्रीमाँट या लहान गावातून आलेला. त्याची जागा कॉर्नरबॅकची. अकरा जणांच्या बचावात दोन कडांना उभे राहणारे हे खेळाडू. समोरचा प्रतिस्पर्धी कुठे पळणार हे त्याचं त्यालाच ठाऊक. कॉर्नरबॅकला मात्र त्याच्याकडे तोंड करून उलटं धावत ते ओळखायचं, योग्य क्षणी वळायचं आणि हवेतून येणारा चेंडू त्याच्या हाती पडू द्यायचा नाही. चुकलं तर सावरायला मागे फारसं कुणी नसतं, आणि सगळ्या स्टेडियमला चूक कुणाची ते दिसतं. कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मानाचा हाइझमन करंडक वर्षानुवर्षं आक्रमण करणाऱ्यांनाच मिळत आला होता. मुख्यतः बचावात खेळणाऱ्याला तो पहिल्यांदा मिळाला १९९७ मध्ये, वुडसनला. २०२४ चा हाइझमनही बचाव आणि आक्रमण दोन्हीकडे खेळणाऱ्या एका कॉर्नरबॅककडे गेला. कोलोराडो विद्यापीठाचा ट्रॅव्हिस हंटर.

कबड्डी बघणाऱ्याला ही जागा नवी वाटणार नाही. सात जणांच्या बचावात डाव्या-उजव्या टोकाला उभे असतात ते कोपरारक्षक. मैदानावर त्यांना सरळ ‘कॉर्नर’ म्हणतात. चढाईपटूकडे तीस सेकंद असतात. त्याचा पाय बोनस रेषेकडे सरकला की डावा कॉर्नर घोट्यावर झेप घेतो. क्षणभर आधी गेला तर गुण देऊन बसतो, क्षणभर उशिरा गेला तर हातात माती. गेली काही वर्षं या जागेवर जगातला सर्वांत मोठा दरारा इराणच्या फझल अत्राचलीचा, आणि प्रो कबड्डीत त्याचं नाव मोठं झालं ते यू मुंबाच्या जर्सीत.

कल्याणचा गिरीश इरनाक हा याच डाव्या कोपऱ्यातला खेळाडू. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादेत सेनादलाला ३४-२९ असं नमवून महाराष्ट्राने ११ वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणलं, तेव्हा रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखालच्या त्या संघात इरनाक होता. त्याच वर्षी दुबईत कबड्डी मास्टर्स स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता, आणि पुढे प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार. पाटणा, बंगाल, पुणे, गुजरात अशा संघांकडून तो खेळला. कल्याण स्थानकात फलाटावर ताटकळणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न इथे नकोच; उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत रविवारी रात्रीच्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या सुरुवातीला खेळाडू टीव्हीच्या पडद्यावर येऊन स्वतःची ओळख करून देतात. नाव, आणि लगेच कॉलेज. कोट्यधीश झालेला, तिशी ओलांडलेला खेळाडूही कॉलेजचं नाव सांगतो. आपल्याकडे कबड्डीची बातमी वाचा. खेळाडूच्या नावापुढे कंसात काय असतं? मंडळ, जिल्हा, नाहीतर नोकरी. भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, महिंद्रा, पोलीस. कॉलेज कंसात नसतं, आणि बातमीदार ते विसरला म्हणून नसतं असंही नाही. कबड्डीपटूच्या घडणीत कॉलेजचा वाटाच इतका किरकोळ असतो की त्याची नोंद घ्यावी असं कुणाला वाटत नाही. अठरा ते एकवीस, अंगात सर्वांत जास्त चपळाई असण्याची ही वर्षं, आणि त्याच वर्षांत ज्या संस्थेच्या हजेरीपटावर मुलाचं नाव असतं ती संस्था त्याच्या खेळाला जवळजवळ परकी असते. खेळाडू घडवण्यात कॉलेजांनी आपला वाटा उचलला पाहिजे, आणि त्यासाठी मिशिगनइतका पैसा लागत नाही.

अमेरिकेतला वाटा नेमका कसा असतो हे समजायला रिचर्ड शर्मनची गोष्ट बघावी. लॉस एंजेलिसजवळचं कॉम्प्टन हे टोळीयुद्धांसाठी बदनाम झालेलं गाव. वडील कचऱ्याचा ट्रक चालवायचे, आई अपंग मुलांसोबत काम करायची. डोमिंगेझ हायस्कूलमधून शर्मन वर्गात दुसरा आला आणि स्टॅनफर्डला गेला. स्टॅनफर्ड म्हणजे नौपाड्यातल्या हुशार मुलांच्या स्वप्नयादीत सर्वांत वर असलेलं नाव. तिथे तो खेळायला लागला तो चेंडू झेलणारा आक्रमक म्हणून. २००८ मध्ये गुडघा दुखावला, हंगाम बुडाला. परतल्यावर २००९ पासून तो कॉर्नरबॅकच्या जागेवर गेला. म्हणजे दुखापतीनंतर, विशीतच, त्याने सगळा खेळच उलटा करून पुन्हा शिकून घेतला. दरम्यान कम्युनिकेशन विषयातली पदवी झाली. व्यावसायिक संघांच्या २०११ च्या निवडीत तो पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर, म्हणजे जवळपास उरल्यासुरल्यांत निवडला गेला. तीन वर्षांच्या आत तो सिएटलच्या संघाकडून सुपर बोल जिंकला होता.

या गोष्टीतला झगमगाट बाजूला ठेवला तरी मधली दोन वर्षं उरतात. गुडघा दुखावलेल्या मुलाला कॉलेजने घालवून दिलं नाही. डॉक्टर, व्यायामशाळा, प्रशिक्षक, वर्ग, सगळं एकाच आवारात होतं, आणि नवी जागा शिकायला उसंत होती. आपल्याकडे कॉर्नरला खेळणाऱ्या मुलाचा गुडघा गेला, आणि तो याच जागेवर जास्त जातो कारण सगळं अंग झोकून घोट्यावर पडायचं असतं, तर शस्त्रक्रियेचा खर्च घरचे आणि मंडळाचे लोक मिळून उभा करतात. कॉलेजला बहुधा कळतही नाही. हजेरी कमी भरली की मग कळतं.

तिथे कॉलेजला पर्याय नसण्याचं एक कारण नियमात आहे. शाळा सोडल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत उतरता येत नाही. त्यामुळे उत्तम खेळाडूलाही विद्यापीठाच्या दारातून जावंच लागतं. कबड्डीत अशी अट नाही. असावी असंही म्हणवत नाही. घरची चूल पेटवायची असताना वीस वर्षांच्या मुलाला व्यावसायिक संघाने बोलावलं तर त्याने जावं. त्याला ‘आधी पदवी’ असं ऐकवणाऱ्यांनी त्याच्या घरचं वाणसामान भरलेलं नसतं.

आणि अमेरिकेची आरती ओवाळायचं कारण नाही. या व्यवस्थेने शंभर वर्षं कॉलेजच्या खेळाडूंना हौशी म्हणत फुकट राबवलं. प्रशिक्षकांचे पगार कोटींत, टीव्हीचे हक्क अब्जांत, आणि खेळणाऱ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही नाही. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेला एकमताने फटकारलं, त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करायची मुभा मिळाली, आणि कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला मान्यता मिळाली ती तर २०२५ मध्ये. अभ्यासाचं म्हणाल, तर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची चौकशी २०१४ मध्ये बाहेर आली. सुमारे अठरा वर्षं एका विभागात कागदोपत्री वर्ग चालले होते, ना तास ना शिक्षक, आणि लाभ घेणाऱ्या ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता. कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरांतले जेमतेम दोनसुद्धा एनएफएलपर्यंत पोचत नाहीत, हे त्यांची संघटना स्वतःच सांगते.

सर्वांत गाजलेला कॉर्नरबॅक डीऑन सँडर्स. त्याचं कॉलेज म्हणजे तर अवघड जागेचं दुखणं. फ्लोरिडा स्टेटकडून खेळताना १९८८ च्या शेवटच्या सत्रात त्याने वर्गांना आणि परीक्षेला राम राम ठोकला होता, आणि तरीही नव्या वर्षाच्या सुरुवातीला झालेल्या शुगर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात शेवटच्या क्षणी चेंडू हिसकावून त्याने सामना वाचवला. यावर इतका गदारोळ झाला की सत्र पूर्ण न करणाऱ्याला असा सामना खेळता येणार नाही, असा नियम फ्लोरिडात त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. गंमत पुढे आहे. अटलांटा, डॅलस करून, क्रिकेटपटूंनाही हेवा वाटेल इतकी कीर्ती मिळवून, २०२० मध्ये अलाबामातल्या टॅलडेगा कॉलेजातून त्याने पदवी पूर्ण केली, वयाच्या ५३ व्या वर्षी. तेव्हा तो जॅक्सन स्टेटचा मुख्य प्रशिक्षक झालेला होता आणि इतरांच्या मुलांना वर्गात बसा म्हणून सांगण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. ट्रॅव्हिस हंटर त्याच्याच हाताखाली तिथे आला आणि त्याच्या मागोमाग कोलोराडोला गेला.

म्हणजे तिकडची व्यवस्था स्वच्छ नाही. पण तिथे खेळाडू आणि कॉलेज यांचा संबंध आहे, भांडण्याइतका खरा आहे. नियम मोडला तर विधिमंडळापर्यंत चर्चा जाते. इथे भांडायलाही नातं नाही.

आपल्याकडचा कॉर्नर घडतो तो मंडळात. कल्याण, डोंबिवली, भिवंडी, ठाण्याच्या पलीकडची गावं, आगरी-कोळी वस्त्या, देवळामागचं मैदान, संध्याकाळी दिवे लागले की जमणारी पोरं. किशोर गट, मग कुमार गट, मग वरिष्ठ. शिकवणारे सर दिवसा कुठेतरी नोकरी करतात आणि संध्याकाळी फुकट शिकवतात. मॅट घ्यायची तर वर्गणी निघते. हिवाळ्यात प्रकाशझोतातल्या स्पर्धा, उत्कृष्ट पकडीचं बक्षीस, गावजेवण. महाराष्ट्रातल्या कबड्डीचा हा कणा आहे आणि त्याबद्दल कॉलेजांना श्रेय घेता येणार नाही. मात्र या साखळीचं शेवटचं टोक होतं ते नोकरीचं. चांगला खेळलास तर बँकेत, रेल्वेत, एअर इंडियात लागशील, या आशेवर आईबापांनी पोराला मैदानावर जाऊ दिलं. व्यावसायिक गटात दबदबा असलेली देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, पण तिथे अर्ज करायलाही बहुतेक पदांना पदवी लागते. जिचा कुणी विचारच केला नव्हता ती पदवी आता मध्ये येऊन उभी राहिली आहे.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि चित्र बदललं, हे खरं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई एका हंगामात यू मुंबाचा तारा झाला आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. पण तो भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे, हे त्या बोलीच्या गाजावाजात मागे पडलं. लिलावात नाव न निघालेल्या मुलांकडे काय असतं, याची बातमी होत नाही. एक खांदा निखळला, एक हंगाम बुडाला, की लिलावात गाजलेलाही त्यांच्यातलाच एक.

कॉलेजमुळे खेळाडू घडूच शकत नाही असंही नाही. परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात शिकताना सोनाली शिंगटे कबड्डीकडे वळली. तिथून शिवशक्ती महिला संघ, राजेश पाडावे यांचं मार्गदर्शन, पश्चिम रेल्वे, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊला सुवर्ण. चायनीज तैपेईवर २६-२५ असा एका गुणाने मिळालेला तो विजय भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ठरला. त्याच संघात पुण्याची स्नेहल शिंदेही होती. कॉलेजने सोनालीला दिलं काय? खेळाची पहिली संधी. तिला घडवलं पुढे संघानेच. पण ती पहिली संधी कॉलेजात मिळाली नसती, तर त्या संघापर्यंत जाण्याची वाटच तिला दिसली नसती. मुलींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. देवळामागच्या मैदानावर संध्याकाळी सातनंतर मुलीला पाठवायला नाखूश असलेलं घर कॉलेजच्या आवारातल्या सरावाला हरकत घेत नाही.

एरवी कॉलेजचा खेळाडूशी संबंध कसा असतो, हे कुठल्याही मंडळातल्या मुलाला विचारावं. मुलगा आधीच तयार झालेला असतो. क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या चार दिवस आधी फोन येतो, जर्सी मिळते, करंडक आला तर प्राचार्यांच्या खोलीत फोटो निघतो आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापला जातो. मग सहा महिने शांतता. पंच्याहत्तर टक्के हजेरीचा कागद मात्र नेमका राज्य निवड चाचणीच्या आठवड्यात निघतो. विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने कबड्डीला आपल्या स्पर्धांत घेतलं ते १९६१ साली. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाली. वर जायच्या पायऱ्या आहेत, आंतरविद्यापीठापासून पुढे सगळ्या आहेत. पहिल्या पायरीच्या खाली जमीन नाही.

जमिनीची गोष्ट नौपाड्यात तर शब्दशः काढावी लागते. गावदेवी मैदानाच्या पोटात आता वाहनतळ आहे. वर मैदान राहील असं सांगण्यात आलं, रहिवाशांनी हरकती घेतल्या, वाद न्यायालयात गेला, आणि गाड्यांची सोय झाली. स्थानकाजवळ गाड्या लावायला जागा नव्हती हे मान्य. पण शहराला खेळाची जागा आणि गाडीची जागा यांतून निवडायची वेळ आली तेव्हा निवड कशी झाली, याची नोंद राहावी. अशा शहरात कॉलेजांची आवारं हीच मोठी मोकळी जागा उरली आहे, आणि ती संध्याकाळी कुलूपबंद असते. मंडळांना आठवड्यातून तीन संध्याकाळी ती उघडून दिली, तर कॉलेजला खेळाडू मिळतील आणि मंडळाला छप्पर. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल डोंबिवलीत एकच आहे. तिथे सगळे मावत नाहीत.

दुसरी गोष्ट तर जवळजवळ फुकटची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवीच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, आणि त्यात खेळ आणि तंदुरुस्ती बसते. सध्या त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी असा होतो, की एका शनिवारी योगासनं आणि एक लेखी प्रकल्प. रोज दोन तास मॅटवर घाम गाळणारा मुलगा त्याच श्रेयांकासाठी ‘खेळाचे फायदे’ या विषयावर दहा पानं लिहून देतो! त्याने मंडळात केलेला सराव आणि जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेले सामने श्रेयांकात धरावेत. स्पर्धेमुळे बुडलेल्या तासांची हजेरी धरावी. निवड चाचणीच्या दिवशी आलेली परीक्षा पुढे देऊ द्यावी. आणि संघात घेतलेल्या मुलाचा वर्षभराचा अपघात विमा कॉलेजने उतरवावा. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर होतो त्यापेक्षा हा खर्च जास्त नाही.

यावर प्राचार्यांचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो खोटा नाही. मंडळाच्या सहीवर विश्वास ठेवायचा कसा? आरक्षणातल्या नोकऱ्यांसाठी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बोगस प्रमाणपत्रं या राज्याने पाहिली आहेत. श्रेयांकासाठी सह्या विकत मिळायला किती वेळ लागेल? म्हणूनच नुसत्या सहीवर काही देऊ नये. कबड्डीच्या अधिकृत सामन्याचं गुणपत्रक असतं. त्यावर दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावं, तारीख, ठिकाण, पंचांची नावं आणि गुणांचा हिशेब असतो, आणि ते जिल्हा संघटनेकडे जमा होतं. सत्र संपताना त्याची प्रत मागवून कॉलेजच्या हजेरीपटाशी ताडून पाहायला एका कारकुनाची एक दुपार पुरते.